रेटिनॉइड कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी : रुग्णाने आणि घरातील मंडळींनी घ्यावयाची काळजी

त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्याला किंवा आपल्या घरातील कोणाला ‘आयसोट्रेटिनॉइन’ अथवा ‘ॲसिट्रेटिन’ हे औषध लिहून दिले असेल, तर पहिली कॅप्सूल घेण्यापूर्वी हे पत्रक पूर्ण वाचावे. बाजारात ही औषधे निरनिराळ्या नावांनी मिळतात. म्हणून पाकिटाच्या दर्शनी भागावरील मोठ्या नावाकडे न पाहता त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव पाहावे.

ही औषधे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील आहेत. आयसोट्रेटिनॉइन हे मुख्यतः खोलवर गाठी होणाऱ्या, व्रण ठेवून जाणाऱ्या आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या मुरुमांसाठी दिले जाते. त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव ते कमी करते. ॲसिट्रेटिन हे तीव्र सोरायसिस आणि त्वचा जाड होऊन खवले सुटणाऱ्या काही विकारांसाठी वापरतात. दोन्ही औषधे गुणकारी आहेत. चेहऱ्यावरील व्रणांमुळे लोकांत मिसळणे सोडून दिलेल्या कित्येक तरुणांना त्यांनी दिलासा दिला आहे. त्यामुळे हे पत्रक वाचून औषधाची धास्ती घेऊ नये. मात्र ते साध्या मुरुमाच्या मलमासारखे समजून कोणाच्या सांगण्यावरून घेऊही नये.

बालकांना वयाच्या नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आरोग्य केंद्रात ‘अ’ जीवनसत्त्वाचे जे द्रावण पाजले जाते, त्याचा या इशाऱ्यांशी काहीही संबंध नाही. ते बालकांना अवश्य द्यावे.

गर्भाला असलेला धोका

या औषधांचा सर्वांत गंभीर परिणाम ते घेणाऱ्या व्यक्तीवर होत नाही, तिच्या पोटातील गर्भावर होतो. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी, औषध सुरू असताना गर्भधारणा झालेल्या मातांच्या बाळांमधील जन्मजात दोषांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. बाहेरचा कान अगदी लहान असणे किंवा मुळीच नसणे, हृदयाच्या रचनेतील दोष, मेंदूत पाणी साठणे, चेहऱ्याची विकृती, पुढे बौद्धिक वाढ खुंटणे असे हे दोष आहेत. गर्भपाताचे प्रमाणही वाढते. येथे मात्रा अल्प होती किंवा औषध थोडेच दिवस घेतले, ही सबब उपयोगी पडत नाही.

बाळाचे हृदय, मेंदू, कान यांची घडण गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. पाळी चुकल्याचे लक्षात येते तोवर तिसरा आठवडा उजाडलेला असतो. चाचणी करून खात्री होईपर्यंत आणखी काही दिवस जातात, आणि तेवढे दिवस रोज एक कॅप्सूल पोटात गेलेली असते. ‘दिवस गेल्याचे कळले की औषध बंद करू’ हा विचार म्हणूनच धोक्याचा आहे.

या कारणास्तव गर्भधारणा होऊ शकेल अशा वयातील प्रत्येक स्त्रीची औषध सुरू करण्यापूर्वी गर्भधारणा चाचणी केली जाते, उपचार चालू असताना दरमहा केली जाते आणि औषध संपल्यानंतरही एकदा केली जाते. चाचणी नकारार्थी आल्यावर पुढील पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी औषध सुरू करतात. औषध एका वेळी एकाच महिन्याचे द्यावे, असा संकेत आहे. तीन महिन्यांच्या कॅप्सूल एकदम मागण्याचा आग्रह धरू नये. दर महिन्याची ती फेरी चाचणीसाठीच असते. आशा कार्यकर्तीकडे आणि शासकीय आरोग्य केंद्रात ‘निश्चय’ हा चाचणी संच उपलब्ध असतो.

येथे पालकांशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अविवाहित मुलीची गर्भधारणा चाचणी सांगितली की अनेक घरांत तो अपमान समजला जातो. आई संकोचते, वडील उठून जातात, आणि मुलगी खाली मान घालून बसते. डॉक्टर अथवा परिचारिका हा प्रश्न संशयापोटी विचारत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तगट पाहतात, तशी ही चाचणी सर्वांची होते. मुलीशी काही मिनिटे एकटीशी बोलू द्यावे, अशी विनंती डॉक्टरांनी केल्यास ती मान्य करावी. आईवडिलांसमोर ती जे सांगू शकणार नाही, ते त्या काही मिनिटांत सांगू शकेल.

लग्नाची तारीख आणि औषधाचा काळ

मुरुमांचा उपचार पुष्कळदा लग्न ठरल्यावरच आठवतो. साखरपुडा होतो, तारीख निघते आणि मग मुलीला, क्वचित मुलालाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले जाते. आयसोट्रेटिनॉइनचा उपचार साधारणपणे चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ चालतो. तीन महिन्यांवर लग्न असेल, तर वधू सासरी जाईल तेव्हाही तिच्या औषधाच्या डब्यात ही कॅप्सूल असेल. नव्या घरात औषध लपवले जाते, गर्भनिरोधनाचा विषय निघत नाही, आणि ‘लवकर गोड बातमी द्या’ हा आशीर्वाद मात्र सर्वजण देतात. म्हणून डॉक्टरांना लग्नाची तारीख पहिल्याच भेटीत सांगावी. ते वेगळा उपचार सुचवू शकतात किंवा औषध लग्नानंतर पुढे ढकलू शकतात. औषध चालूच ठेवायचे ठरल्यास पतीलाही सोबत आणून समजावून घ्यावे.

आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या स्त्रीने औषध सुरू होण्यापूर्वी एक महिना, उपचाराच्या संपूर्ण काळात आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिना गर्भधारणा होऊ देऊ नये. कॉपर-टी, ‘अंतरा’ इंजेक्शन, गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी काय योग्य ते डॉक्टर सांगतील. त्याच्या जोडीला निरोधही वापरावा. केवळ निरोधावर किंवा ‘सुरक्षित दिवसां’च्या हिशेबावर विसंबू नये. एका संप्रेरकाची अल्प मात्रेची गोळी या औषधासोबत पुरेशी भरवशाची मानली जात नाही.

ॲसिट्रेटिनचा नियम याहून फार कडक आहे. औषध बंद केल्यानंतर तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. कारण मद्य पोटात गेल्यास या औषधाचे रूपांतर शरीरातील चरबीत दीर्घकाळ साठून राहणाऱ्या दुसऱ्या द्रव्यात होते. काही खोकल्याच्या औषधांत व टॉनिकांतही मद्यार्क असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उपचारकाळात आणि त्यानंतर दोन महिने स्त्रियांनी मद्यार्क असलेले काहीही घेऊ नये. ज्यांना पुढे मूल हवे आहे अशा स्त्रियांना हे औषध शक्यतो दिलेच जात नाही. कोणी लिहून दिले, तर हा तीन वर्षांचा हिशेब त्यांच्याकडून समजून घेतल्याशिवाय ते सुरू करू नये.

इतकी काळजी घेऊनही पाळी चुकल्यास औषध त्याच दिवशी थांबवावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. औषधाचा संपर्क आलेल्या प्रत्येक गर्भाला बाधा होतेच असे नाही. सोनोग्राफीतून काही दोष दिसू शकतात, सर्व दिसतातच असेही नाही. गर्भ ठेवणे अथवा न ठेवणे हा निर्णय पूर्ण माहिती मिळाल्यावर त्या स्त्रीने घ्यावयाचा आहे. देशातील कायद्यानुसार मान्यताप्राप्त केंद्रात सुरक्षित गर्भपाताची सोय आहे आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला त्यासाठी पती अथवा पालकांची संमती लागत नाही. गावठी उपायांच्या मागे लागू नये.

स्तनपान करणाऱ्या मातेने ही औषधे घेऊ नयेत. पुरुष रुग्णांच्या बाबतीत, त्यांच्या औषधामुळे पत्नीच्या गर्भाला अपाय होईल इतके द्रव्य वीर्यातून जात नाही. तरीही खालील दोन नियम त्यांनाही तितकेच लागू आहेत.

कॅप्सूल वाटून घेऊ नये, रक्त देऊ नये

एका बहिणीचा चेहरा स्वच्छ झाला की उरलेल्या कॅप्सूल दुसरीला, मग मामेबहिणीला, वसतिगृहातील मैत्रिणीला अशा फिरत राहतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण त्या मैत्रिणीची चाचणी झालेली नसते, रक्ततपासणी झालेली नसते, आणि ती गर्भवती आहे का हे कोणी विचारलेले नसते. भावाच्या कॅप्सूल वहिनीने घेणेही तेच.

रक्तदान हा आपल्याकडे पुण्यकर्माचा भाग आहे आणि शिबिरांत तरुण मंडळी उत्साहाने पुढे येतात. परंतु आपण दिलेले रक्त कोणाला चढवले जाईल हे आपल्याला माहीत नसते. ती रक्तस्राव होणारी किंवा तीव्र रक्तक्षय असलेली गर्भवती स्त्री असू शकते. आयसोट्रेटिनॉइन घेत असताना आणि संपल्यावर एक महिना, तर ॲसिट्रेटिन संपल्यावर तीन वर्षे, स्त्री-पुरुष कोणीही रक्तदान करू नये. शिबिरातील अर्जावर ‘कोणते औषध चालू आहे’ या रकान्यात हे औषध आठवणीने लिहावे.

उपचारकाळातील इतर काळजी

कॅप्सूल जेवणानंतर, पाण्याबरोबर, न चावता घ्यावी. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. मात्रा वजनावर ठरते, म्हणून शेजाऱ्याची मात्रा आपली नव्हे. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पहिल्या काही आठवड्यांत मुरुम वाढल्यासारखे दिसतात. त्याने हिरमुसून औषध सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ओठ फुटणे जवळजवळ प्रत्येकाला होते. साधे व्हॅसलिन दिवसातून अनेक वेळा लावावे. डोळे कोरडे पडतात, नाकातून क्वचित रक्त येते, त्वचा उन्हाने लवकर भाजते. टोपी, छत्री, सनस्क्रीन वापरावे. वॅक्सिंग उपचारकाळात आणि नंतर सहा महिने टाळावे, त्वचा सोलून निघू शकते. लग्नाआधी ब्युटी पार्लरमध्ये जाताना हे विशेष लक्षात ठेवावे. अंधारात कमी दिसू लागण्याची तक्रार काहींना अचानक होते. रात्री ट्रक, रिक्षा किंवा दुचाकी चालवणाऱ्यांनी पहिले काही आठवडे सावध राहावे आणि तसे जाणवताच वाहन चालवणे थांबवावे.

रक्तातील चरबी आणि यकृताचे कार्य यांची तपासणी औषधापूर्वी आणि मधूनमधून करावी लागते. मधुमेह, स्थूलता अथवा यकृताचा विकार असल्यास आधीच सांगावे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नयेत. गाजर, पालक खाण्यास हरकत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके मुरुमांसाठीही देतात. ती आणि ही कॅप्सूल एकत्र घेतल्यास डोक्यातील दाब वाढू शकतो. पूर्वीच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी.

तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि धूसर दिसणे, वरच्या पोटात असह्य कळ, शौचातून रक्त, डोळे पिवळे होणे, अंगावर फोड येऊन कातडी सुटणे, यांपैकी काहीही झाल्यास कॅप्सूल बंद करून त्वरित रुग्णालयात जावे.

मनःस्थितीबाबत घरातील माणसांचे लक्ष अधिक उपयोगी पडते, कारण रुग्णाला स्वतःला ते उमगतेच असे नाही. औषध घेणाऱ्या काहींमध्ये उदासी, चिडचिड, आत्महत्येचे विचार आढळले आहेत. याला औषध किती कारणीभूत आणि मुरुमांमुळे सोसावी लागणारी अवहेलना किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आपण तो वाद सोडवण्याची गरज नाही. मुलगा जेवण टाकतो, खोलीतून बाहेर येत नाही, जगून काय उपयोग असे बोलतो, असे दिसल्यास कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

औषधाचा कोणताही दुष्परिणाम आढळल्यास राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः नोंद करू शकतो. कॅप्सूल मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, मूळ पाकिटातच ठेवाव्यात. उपचार संपल्यावर उरलेल्या कॅप्सूल घरात ठेवू नयेत. पुढील भेटीत डॉक्टरांकडे अथवा औषध विक्रेत्याकडे परत द्याव्यात.