पोटॅशचे पोते येते कोठून?



लागणीचे दिवस आले की गट ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "साहेब, पोटॅश आलं का?" आणि ते आले असेल तर दुसरा, "एवढं महाग का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्या गोदामात नाहीत. ती दूरदेशीच्या खाणींत आणि बंदरांत आहेत. म्हणून या अंकात त्याची थोडी फोड करीत आहोत.

आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. एवढ्या पालाशासाठी एकरी सुमारे ११५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे ५० किलोची सव्वादोन पोती लागतात. पालाशामुळे पानात तयार झालेली साखर कांड्यांत उतरते, ऊस लोळण्याचे प्रमाण कमी होते व पाण्याचा ताण सोसला जातो. परंतु आपल्या देशात पोटॅशची खाण चालू नाही. म्युरेट ऑफ पोटॅश सगळे बाहेरून येते. जगातही ते मोजक्याच ठिकाणी निघते. कॅनडा, रशिया व बेलारूस हे तीन देश मिळून जगातील सुमारे दोन तृतीयांश पोटॅश काढतात. याखेरीज मृत समुद्राच्या काठचे इस्रायल व जॉर्डन हे आपले आणखी दोन पुरवठादार.

विकणारे मोजके असले की भाव त्यांच्या हातात राहतो. रशिया व बेलारूस यांचे पोटॅश पूर्वी एकाच कंपनीमार्फत विकले जाई. जुलै २०१३ मध्ये रशियन भागीदार त्यातून बाहेर पडला व दोघे वेगवेगळे विकू लागले. भारताच्या कराराचा टनाचा भाव ४२७ डॉलर होता, तो २०१४ साली ३२२ डॉलरवर आला. विकणारा एक वाढला, एवढाच काय तो फरक!

याच्या उलट प्रकार २०२२ साली झाला. बेलारूसला समुद्रकिनारा नाही. त्याचा माल रेल्वेने लिथुआनियातील क्लायपेडा बंदरात जाई. निर्बंधांमुळे १ फेब्रुवारी २०२२ पासून ती वाहतूक थांबली आणि त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध पेटले. एप्रिल २०२१ मध्ये २८० डॉलरने ठरलेला करार २०२२ साली ५९० डॉलरवर गेला. आपल्याकडे हजाराच्या आसपास मिळणारे पोते सतराशेपर्यंत चढले. त्या वर्षी आपल्यातील बऱ्याच जणांनी पोटॅशला फाटा दिला आणि नुसता युरिया वाढवला. पर्याय वेळेवर सांगण्यात आम्हीही कमी पडलो, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर देशपातळीवर जी पावले पडली ती समजून घेण्यासारखी आहेत. मे २०२२ मध्ये जॉर्डनशी पाच वर्षांसाठी वर्षाला पावणेतीन लाख टनांपासून पुढे पोटॅश घेण्याचा करार झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅनडाशी तीन वर्षांकरिता वर्षाला १५ लाख टनांपर्यंतचे बोलणे ठरले. डी.ए.पी.चीही तीच कथा. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर बंधने आणली. पुढे जुलै २०२५ मध्ये सौदी अरेबियाशी वर्षाला ३१ लाख टन डी.ए.पी.चे पाच वर्षांचे करार झाले.

यात नवल काहीच नाही. तोडणीचे करार करताना आपण सगळी उचल एकाच मुकादमाच्या हातात देत नाही. एक टोळी आली नाही तर दुसरी फडात असावी, हा त्यामागचा हिशेब. देशाचाही हिशेब तोच आहे.

मात्र नुसती देशांची संख्या वाढवून भागत नाही. मालाची वाटही पाहावी लागते. जॉर्डनचे अकाबा आणि इस्रायलचे एलात ही बंदरे एकाच आखाताच्या टोकाला आहेत. तेथून आपल्याकडे यायचे तर तांबडा समुद्र ओलांडावा लागतो. नोव्हेंबर २०२३ पासून त्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा ही वाट धोक्यात आली. दोन मुकादम नेमले, पण दोघांच्या गाड्या एकाच मोडक्या पुलावरून येणार असतील तर उपयोग काय? शिवाय लांबच्या देशाचा माल आणला की जहाजाचे भाडेही वाढते. सुरक्षिततेची किंमत मोजावीच लागते.

म्हणून एक पुरवठादार घरचाही हवा, आणि तो आपल्याजवळ आहे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे स्पेंट वॉश बॉयलरमध्ये जाळले की जी राख उरते, तीपासून निदान साडेचौदा टक्के पालाश असलेले खत तयार होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सरकारी अनुदानाच्या यादीत आले. अडचण वजनाची आहे. सव्वादोन पोत्यांच्या जागी याची साडेनऊ पोती लागतात. म्हणून लांब नेण्यापेक्षा कारखान्याच्या आसपासच ते परवडते. राख म्हणून कोणी काहीही देऊ केले तर घेऊ नये. पोत्यावरची पालाशाची टक्केवारी वाचूनच घ्यावे.

दुसरा घरचा साठा म्हणजे पाचट. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते व त्यात ०.७ ते १ टक्का पालाश असते. म्हणजे काडी लावली की ५६ ते १०० किलो पालाशाची राख वाऱ्या-पाण्याच्या हवाली होते. तेच पाचट खोडव्यात सरीत कुजवले तर पालाश शेतातच राहते आणि ओलावाही टिकतो.

तरी सर्व सभासदांना विनंती की, लागणीपूर्वी माती परीक्षण करून घ्यावे. पोटॅशची अर्धी मात्रा लागणीच्या वेळी व अर्धी मोठ्या बांधणीस द्यावी. भाव चढला तर पालाश बंद न करता पर्याय विचारण्यास गट ऑफिसात यावे. आणि पाचट पेटवू नये. कॅनडा-रशियातल्या घडामोडी आपल्या हातात नाहीत, पण आपल्या बांधाच्या आतले पालाश राखणे आपल्याच हातात आहे.

— ऊस विकास अधिकारी