घराचा ‘दाखवण्याचा कार्यक्रम’

मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटलं की घरात काय धांदल उडायची, ते आपल्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. पडदे धुवायचे, ठेवणीतल्या कपबशा काढायच्या, पोह्यात खोबरं-कोथिंबीर जास्तच पेरायची! आता ती पद्धत बरीच बदलली. पण हेच घर विकायला काढलं, तर ते बघायला येणाऱ्यांसाठी मात्र आपण काहीच करत नाही. ‘‘घ्यायचं असेल तो घेईल, आपण कशाला नटवायचं?’’ असं म्हणून मोकळे होतो. मग पहिला गिऱ्हाईक येतो तेव्हा दोरीवर कपडे वाळत असतात, बेसिनचा नळ टपटपत असतो आणि बाहेरच्या खोलीतला बल्ब गेलेला असतो. तो ‘कळवतो’ म्हणून जातो, तो पुन्हा काही येत नाही.

मैत्रिणींनो, घर हौस म्हणून कुणी विकत नाही. मुलांची शिक्षणं, बदली, कुणाचं मोठं आजारपण, भावाभावांतली वाटणी, नाहीतर मुलं पुण्या-मुंबईला आणि इथे एकट्या सासूबाई, अशी काहीतरी गरज असतेच. मध्यमवर्गी कुटुंबाची आयुष्यभराची सगळ्यांत मोठी बचत म्हणजे ते घर. त्यात लाख-दीड लाख कमी आले, तर ते मुलीच्या हॉस्टेलच्या फीमधूनच कमी होणार ना? म्हणून चार-सहा दिवसांची मेहनत आणि थोडा खर्च इथे वाया जात नाही. फक्त मेहनत योग्य जागी व्हायला हवी.

बघणारा नेमकं काय बघतो?

मोठ्या शहरांत भाड्याचा सोफा आणि फुलदाण्या मांडून घर सजवून देणारी माणसं असतात म्हणे. आपल्याकडे तसलं काही लागत नाही. तालुक्याच्या गावी घर घेणारा म्हणजे बहुधा शिक्षक, बँकेतला किंवा एसटीतला नोकरदार, छोटा दुकानदार, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी गावातून तालुक्याला येणारा शेतकरी. तो एकटा येत नाही. बायको, आई-वडील, कधी मेव्हणा, असा सगळा गोतावळा येतो. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसून भाव, रस्ता, बोअर असं बोलत असतात. त्यांच्यातल्या बायका मात्र थेट स्वयंपाकघरात शिरतात. ओट्यावर हात फिरवतात, सिंकखाली वाकून बघतात, मोरीचा वास येतो का ते पाहतात, मागचं दार उघडून कपडे वाळत घालायला जागा आहे का ते बघतात. घरी गेल्यावर ‘‘घर बरंय, पण स्वयंपाकघर अंधारं आहे हो,’’ एवढं एक वाक्य त्या बोलल्या की संपलं!

म्हणजे सुरुवात बाहेरच्या खोलीपासून नाही, ओट्यापासून करायची. ओट्यावर गॅस आणि पाण्याचा हंडा-कळशी सोडून काही नको. फरशीच्या फटीतला तेलकटपणा सोडा आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा. एक्झॉस्ट फॅन आणि खिडकीची जाळी धुवा. चिकट जाळी निघाली की निम्मा अंधार जातो. मोरी, न्हाणीघर आणि संडास इतके स्वच्छ हवेत, की आपण स्वतःहून दार उघडून दाखवू. तिथल्या क्षाराच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर किंवा लिंबू चालतं. मात्र संगमरवर किंवा कडाप्प्यावर आम्ल वापरू नका. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

गावागणिक पहिला प्रश्न वेगळा

स्वच्छ घर सगळीकडेच आवडतं, पण पहिला प्रश्न प्रत्येक गावात वेगळा असतो. सांगलीत कृष्णेच्या जवळच्या भागात घर असेल, तर येणारा आधी विचारणार, ‘‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’’ २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तिथे कुणी विसरलेलं नाही. चिपळूणकरांना जुलै २०२१ चं वाशिष्ठीचं पाणी आठवतं. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथे टाकी किती लिटरची, बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का, नळ किती दिवसांनी येतो, हेच आधी विचारलं जाणार. कोकणात जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असेल तर पावसाळ्यातलं गळणं आणि वाशांना लागलेली वाळवी.

आपल्या गावातला हा पहिला प्रश्न ओळखा आणि त्याचं उत्तर तयार ठेवा. टाकी धुऊन घ्या, झाकण बसवा, मोटर चालू करून दाखवा. कौलं शाकारून घ्या. पुराचं पाणी घरात आलंच नसेल तर शेजाऱ्यांना विचारा म्हणावं. आलं असेल तर कुठल्या पायरीपर्यंत, ते सरळ सांगा. गावात ही माहिती लपत नाही. कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा सांगेल!

खर्च कुठे करायचा, कुठे नाही

घर विकायला काढलं की कुणीतरी सुचवतंच, ‘‘वहिनी, नवीन टाइल्स बसवा, पीओपी करून घ्या, भाव वाढेल.’’ जरा थांबा. नवीन मालक बहुतेक वेळा त्याच्या आवडीने सगळं बदलतोच. आपण घातलेले पन्नास-साठ हजार परत मिळतील याचा काही नेम नाही.

खर्चाचा क्रम असा ठेवा. सगळ्यांत आधी जे बिनपैशाचं ते करायचं, म्हणजे झाडलोट, जळमटं, काचा, अंगण. मग छोट्या दुरुस्त्या: गळका नळ, न लागणारी कडी, करकरणारं दार, फुटलेलं बटण, तुटलेली फरशी. या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. पण एक नळ टपकताना दिसला, की बघणाऱ्याला वाटतं, घराकडे कुणी लक्षच दिलेलं नाही, आत आणखी काय काय असेल! त्यानंतर उजेड. प्रत्येक खोलीत चांगला एलईडी बल्ब लावा. घर दाखवायची वेळ सकाळी दहा ते बारा किंवा ऊन उतरण्याआधीची द्या. दिवसाउजेडी घर मोठं दिसतं. आणि हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर रंग. तोही फिक्का, पांढरट किंवा साय रंगाचा. भडक गुलाबी किंवा गडद हिरवी भिंत आपल्याला आवडत असेल, पण येणारा मनातल्या मनात तिथे ब्रश फिरवायचे पैसे मोजत बसतो.

पसारा, फोटो आणि देव

आपल्याला सवय झालेली असते, म्हणून पसारा दिसत नाही. माळ्यावरची जुनी पिंपं, पलंगाखालच्या ट्रंका, गॅलरीतली मोडकी सायकल, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले रिकामे डबे. घर सोडायचंच आहे, तर ही आवराआवर नाहीतरी करायचीच आहे. ती आधीच करा. भंगारवाल्याला बोलवा, उरलेलं एखाद्या नातेवाइकाकडे हलवा. खोलीत पाय ठेवायला जागा असली की तीच खोली मोठी वाटते.

लग्नाचे, बारशाचे, ट्रॉफ्यांचे फोटो तेवढे काढून ठेवा. तिथे आपल्या घरचे चेहरे दिसले की येणाऱ्याला वाटतं, आपण दुसऱ्याच्या घरात आलोय. भिंत मोकळी असली की तो आपलं कपाट कुठे बसेल याचा हिशोब मांडू लागतो. देवघर मात्र हलवू नका. रोजच्यासारखा दिवा, दारात रांगोळी, तुळशीला पाणी. आपल्याकडच्या बघणाऱ्याला यात घर नांदतं असल्याची खूण दिसते. अगरबत्तीचा मात्र अतिरेक नको, नाहीतर ‘कसला वास झाकताय?’ अशी शंका यायची!

वास्तुशास्त्राचे प्रश्नही येणार. दार कुठल्या दिशेला, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, देव ईशान्येला आहेत का? मानणं न मानणं ज्याचं त्याचं. त्यासाठी भिंती पाडायला जाऊ नका, पण दिशा माहीत करून ठेवा आणि आहे ते सांगा. काळवेळही लोक पाहतात. पितृपक्षात व्यवहार अडकला तर घाबरून भाव पाडू नका. दसरा-दिवाळी, पाडवा, अक्षय तृतीयेच्या सुमाराला तीच मंडळी पुन्हा फोन करतात.

झाकू नका, सांगा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भिंतीला ओल आहे, पोपडे निघतात. काय करायचं? बरेच जण त्यावर पुट्टी मारून रंग देतात किंवा समोर कपाट सरकवतात. हे करू नका. एक तर पहिल्याच पावसात ती भिंत खरं बोलते. दुसरं म्हणजे कायदाही आपल्या बाजूने नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे, की जो दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने बघून कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

ओल कुठून येते ते आधी शोधा. बऱ्याचदा ती गच्चीवरच्या भेगेतून, संडासाच्या पाइपमधून किंवा तुंबलेल्या पन्हाळीतून येत असते. मूळ दुरुस्त करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. तेवढं बजेट नसेल तर गवंड्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि येणाऱ्याला सांगा, ‘‘भाऊ, या भिंतीला ओल आहे, दुरुस्तीला एवढा खर्च सांगितलाय, तो आम्ही भावात धरलाय.’’ असं बोललं की गिऱ्हाईक पळून जाईल असं वाटतं. पण होतं उलटंच. ‘बाई खरं बोलतेय’ असा विश्वास बसला, की बाकीच्या गोष्टींत तो घासाघीस कमी करतो. खोटं सांगून जमवलेलं स्थळ आणि रंगाने झाकलेली ओल, दोन्हींचा त्रास नंतरच कळतो.

फाईल तयार आहे का?

घर चकचकीत केलं, गिऱ्हाईकाने पसंत केलं, आणि मग कागद शोधताना सहा महिने गेले, असं कितीतरी घरांत होतं. कर्ज काढून घेणारा असेल तर बँकेचा वकील जुने कागद तपासल्याशिवाय पुढे सरकतच नाही. म्हणून एक फाईल करा. खरेदीखत, सूची क्रमांक २, सिटी सर्व्हेचा मिळकत पत्रिकेचा उतारा किंवा सातबारा, मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या आणि वीजबिलाच्या ताज्या पावत्या, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला. लक्षात ठेवा, घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. बघायला येणाऱ्याला झेरॉक्स द्या, मूळ कागद हातात देऊ नका.

घर सासऱ्यांच्या किंवा वारलेल्या यजमानांच्या नावावरच राहिलं असेल तर आधी वारसनोंद करा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती केली. हा हक्क जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा नणंदेला ‘नंतर सांगू’ म्हणून चालणार नाही. आणि आपण स्वतः नणंद असाल, तर वाचल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका!

बोलणीत आपणही बसा

घरात नळ कधी येतो, कुठली खिडकी पावसात गळते, शेजारी कसे आहेत, हे सगळं माहीत असतं घरातल्या बाईला. आणि भावाची बोलणी सुरू झाली की ती आत चहा करत असते. असं का? चहा आधीच करून ठेवा आणि बोलणीत बसा. आपल्या आळीत वर्षभरात विकलेल्या दोन-तीन घरांचे भाव विचारून ठेवा, किती खाली यायचं ते घरात आधीच ठरवा. घेणाऱ्यांच्या वहिनींना एक गोष्ट जरूर सांगा. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घराला तीस हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. त्यांचा फायदा होतो आणि आणखी एका बाईचं नाव कागदावर लागतं. यापेक्षा चांगला सौदा कोणता?

आवरताना दारामागे मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा दिसतील. त्या पुसायला हात धजावणार नाही. फोटो काढून ठेवा आणि मग पुसा. घर नांदतं राहणार आहे, फक्त खुणा दुसऱ्यांच्या मुलांच्या असतील.

हे विसरू नका

* घर दाखवताना एकट्या राहू नका. येणाऱ्याचं नाव-फोन आधी घ्या. दागिने, पैसे, मोबाइल कुलपात.
* दलालाचा टक्का आधीच ठरवा, शक्यतो लिहून.
* इसार घेताना २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. चेक किंवा बँकेतूनच घ्या आणि इसार पावती करा.
* नफ्यावर कर लागतो. दुसरं घर घेणार असाल तर सवलतही मिळू शकते. सौद्याआधी सीएला विचारा.
* पूर्ण पैसे खात्यात आल्याची खात्री झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.