कूलर आवरताना टाकी घासलीत का?

मृगाची पहिली सर येऊन गेली की सांगली-मिरजेतल्या घराघरांतला कूलर मुका होतो. पट्ट्यांवरच्या पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. दमट हवेत ती वाफच नीट होत नाही आणि खोली उलट चिकट वाटू लागते. मग एखाद्या रविवारी टाकीतले पाणी सोडले जाते, वायर गुंडाळली जाते आणि कूलर गॅलरीत, गच्चीवर नाहीतर परसात जाऊन उभा राहतो. पुढच्या मार्चपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

देखभाल म्हणून जे काही होते ते मार्चमध्ये होते. पट्ट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो, मिस्त्री येऊन जातो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र खरी देखभाल जूनमधली आहे, कारण रिकामी केलेली टाकी म्हणजे स्वच्छ टाकी नव्हे.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी आपली अंडी थेट पाण्यात सोडत नाही. ती घालते पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर. एका वेळी शंभराच्या आसपास. अंडे मिलिमीटरहूनही लहान असते आणि थोड्याच वेळात काळे पडते. गंजलेल्या पत्र्यावर ते काजळीच्या ठिपक्यासारखे दिसते, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. पाणी ओतून दिले की अळ्या जातात, अंडी भिंतीला चिकटून राहतात. दोन-तीन दिवसांत आत अळी तयार झाली की अंडे सुकले तरी मरत नाही. कोरड्या टाकीत ते अनेक महिने तग धरते. मे महिन्यात टाकीतले पाणी रोज कमीजास्त होत असते, त्यामुळे ही अंडी वरच्या कडेपासून तळापर्यंत वेगवेगळ्या उंचीवर असतात. गच्चीवरच्या कूलरमध्ये जुलैच्या पावसाचे चार बोटे पाणी साचले की खालची अंडी फुटू लागतात. सगळी एकदम फुटत नाहीत, काही पुढच्या पाण्याची वाट पाहतात. अंडे फुटल्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यांचे डास ऐन डेंग्यूच्या हंगामात घरात फिरू लागतात ते असे.

या डासाला गटारातल्या घाण पाण्यापेक्षा घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी आवडते. म्हणून तो केवळ भरपूर पावसाच्या मुलखातला डास आहे असे समजू नये. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही जेमतेम पडतो. पण जिथे पाऊस कमी, तिथे बॅरल, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या जास्त, आणि कूलरही जास्त दिवस चालतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1973 मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. बार्शी हेही पर्जन्यछायेतलेच गाव. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ देशात या रोगाची मोठी साथ दिसली नाही, आणि 2005-06 मध्ये तो परतला तेव्हा महाराष्ट्रातली गावेच्या गावे सांधे धरून बसली. विषाणू दिसेनासा झाला होता. डास मात्र इथेच होता.

जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत ‘आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा’ हा सल्ला द्यायला सोपा आणि पाळायला अवघड असतो. ज्या घरात पाणी टँकरने येते, तिथली बाई कूलरमधले तीस-चाळीस लिटर पाणी सहजासहजी फेकणार नाही, आणि तिचे चूकही नाही. ते फेकू नयेच. ते झाडांच्या बुडाशी, मोकळ्या मातीत ओतावे. माती ते शोषून घेते आणि अळ्या तडफडून मरतात. गटारात किंवा दुसऱ्या हौदात मात्र ओतू नये. काही घरांत टाकीत रॉकेल टाकतात. त्याची वाफ पंखा थेट झोपलेल्या मुलाच्या नाकात नेतो, म्हणून कूलरमध्ये हा उपाय नकोच.

आता घासण्याविषयी. आधी प्लग काढावा. केवळ बटण बंद करून पत्र्याच्या कूलरमध्ये ओला हात घालणे जिवावर बेतू शकते. मग ताठ ब्रश किंवा काथ्या घेऊन, साबणाच्या पाण्याने, चारही भिंती वरपासून तळापर्यंत जोर लावून घासाव्यात. पाण्याच्या पातळीच्या खुणा, कोपरे, पंपाखालची जागा आणि तरंगणाऱ्या चेंडूची दांडी या जागा हमखास सुटतात. धुवण पुन्हा मातीतच टाकावे. गवताच्या जुन्या पट्ट्या ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनाही अंडी चिकटलेली असू शकतात. नुसते उन्हात वाळवले म्हणजे काम झाले, हा समज सोडावा. टाकी पूर्ण कोरडी झाली की कूलर छपराखाली ठेवावा. उघड्यावर ठेवणे भागच असेल तर ताडपत्री ताणून बांधावी. तिच्या सैल घडीत साचलेले पाणीही डासाला पुरते.

एसी असलेल्या घरांनी निर्धास्त होण्याचे कारण नाही. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली आणि फ्रिजच्या मागच्या बाजूचा ट्रे या त्याच डासाच्या आवडत्या जागा आहेत. हा ट्रे अनेकांनी फ्रिज घेतल्यापासून पाहिलेलाच नसतो.

एवढे करूनही घरात ताप आलाच, तर पहिल्या पाच दिवसांत एनएस1 ही रक्ततपासणी उपयोगी पडते. तापाला पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या इतर गोळ्या टाळाव्यात, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नातेवाइकांचे सगळे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते आणि पपईच्या पानांचा शोध सुरू होतो. पण डेंग्यूत रुग्ण गंभीर होतो तो प्रामुख्याने रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्याने, आणि हे बहुतेकदा ताप उतरत असताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घडते. आजार बरा झाला म्हणून घरचे निश्चिंत होतात तीच ही वेळ. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, मूल गळून जाणे किंवा सारखे चिडचिडे होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी रुग्णाला दवाखान्यात न्यावे. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराची लागण पहिल्यापेक्षा अधिक तीव्र होण्याची शक्यता असते.