कवचबीजाची पारख

सकाळी ६
मुरूडच्या वाटेवर, फणसाड अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका वाडीत आम्ही खाजकुयलीच्या शेंगा काढायला आलो आहोत. जानेवारीत शेंगा पिकून तपकिरी होतात आणि वरची कुसं वाऱ्यावर उडतात. त्या कुसांत म्युक्युनेन नावाचं विकर असतं. अंगाला लागलं की आग आणि खाज. "ताई, आधी पाणी मारा न् वाऱ्याला पाठ करा," वाडीतल्या काकू बजावतात. आम्हाला हवं असतं ते आतलं तकतकीत बी. वैद्य त्याला कवचबीज म्हणतात. दुधात शिजवून, साल काढून वापरतात. याच वेलीची फांदी फुलोऱ्याच्या दिवसांत दाबून, मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये तिची ओळख पटवून घेतली आहे. ओळख पक्की नसेल, तर पुढचं सगळं काम फुकट.

सकाळी ८
प्रयोगशाळा. आधीच्या बियांची पूड रात्रभर पाणी-अल्कोहोलात भिजत होती. त्यात थोडं सायट्रिक आम्ल घालते, कारण बियांतला एल-डोपा, म्हणजे कंपवाताच्या गोळ्यांत असतो तोच घटक, हवेने आणि ओलाव्याने काळा पडून वाया जातो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही काळजी दुप्पट. द्रव गाळून, कमी दाबाखाली, मंद आचेवर आटवायचा. उरलेला अर्क लगेच सिलिका जेलच्या बंद भांड्यात.

सकाळी ९.३०
प्राणीगृह. इथे बारा तास उजेड, बारा तास अंधार. संस्थेच्या नीतिमत्ता समितीने मंजूर केलेल्या संख्येपेक्षा एकही उंदीर जास्त वापरायचा नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली तत्त्वं दारावर लावली आहेत: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. वजनं करते, पाणी बघते, कोणी मलूल दिसतोय का पाहते.

सकाळी १० ते १
आजची मुख्य चाचणी. हॅलोपेरिडॉल हे औषध मेंदूतला डोपामिनचा संदेश अडवतं. ते दिलेल्या मोठ्या उंदराचे पुढचे पाय नऊ सेंटिमीटर उंचीच्या आडव्या दांडीवर ठेवले, तर तो तसाच खिळून राहतो. कंपवाताच्या रुग्णाची हालचाल सुरूच होत नाही, तसं. निरोगी उंदीर काही सेकंदांत पाय काढतो. अर्काने हा वेळ कमी होतो का, ते ठरावीक अंतराने मोजायचं. १८० सेकंद झाले की हलक्या हाताने उचलून घ्यायचं. कुप्यांवर फक्त खुणा आहेत. कोणत्या कुपीत अर्क, कोणत्या कुपीत नुसतं पाणी आणि कोणत्या कुपीत तयार औषध, हे मला ठाऊक नसतं. ठाऊक असेल, तर मनातली आशा घड्याळाच्या बटणावर उतरते.

दुपारी २
तिसऱ्या वर्षाचा तास. सर्पगंधेपासून सुरुवात करते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या तिच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं. अर्विड कार्लसन यांनी रेसरपिनने ससे निश्चल केले आणि एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. त्यातून डोपामिनचं महत्त्व कळलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र कवचबीजातून एल-डोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळा केला होता. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना बियांची पूड देऊन केलेला अभ्यास छापला. मुलं विचारतात, "मॅडम, म्हणजे जुनं ज्ञान बरोबरच होतं?" मी सांगते, त्या ज्ञानाने दिशा दिली, किती द्यायचं, कोणाला द्यायचं नाही, हे मोजूनच कळलं. वनस्पतीला खोटं ठरवायची घाई नको, देवपणही नको.

दुपारी ४
घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर अर्काचा नमुना. २८० नॅनोमीटरवर एल-डोपाचा टोकदार शिखर-आलेख उमटतो. बियांत त्याचं प्रमाण साधारण चार ते सहा टक्के. पण जागा, जात आणि साठवण बदलली की आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक घाण्याची तपासणी वेगळी.

सायंकाळी ५.३०
सगळे सेकंद वहीत आणि संगणकात. खुणांचा अर्थ उघडल्यावर पाण्याच्या गटापेक्षा फरक दिसला नाही, तरी तो आकडा तसाच लिहायचा.

सायंकाळी ६.३०
ओळखीतल्या एका मावशींचा फोन. काकांना कंपवात आहे, गोळ्या चालू आहेत. बाजारातली कवचबीजाची पूड सोबत देऊ का? मी कळकळीने नको म्हणते. गोळीत एल-डोपा, पुडीतही एल-डोपा. दोन्हींची बेरीज झाली तर अंग आपोआप हलणं, उलट्या, रक्तदाब उतरणं, भास होणं, काहीही होऊ शकतं. गोळ्या मनाने बंदही करू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना आधी विचारा. "पण झाडपाल्याचं आहे ना गं?" मावशी म्हणतात. झाडपाल्याचं आहे आणि मेंदूपर्यंत पोचतं, म्हणूनच तर मोजायचं. कुंपणावरचं हे बी औषध व्हायचं असेल, तर पुडीवर एल-डोपाचा आकडा छापलेला हवा, आणि तो खरा हवा.