अंधारात तोल का जातो?

‘डॉक्टरसाहेब, माळकरी माणूस मी. दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही. आणि गावात म्हणतात, अण्णांना आता संध्याकाळची लागते!’ समोर बसलेले शेतकरी गृहस्थ हे सांगताना अगदी रडकुंडीला आले होते. वय पंचावन्नच्या आसपास. दिवसा बरे चालत. पण तिन्हीसांज झाली की पाय फाकून, झोकांड्या खात घर गाठत. शेताला वीज रात्रीची. पाणी फिरवायला गेले असता बांधावरून दोनदा खाली पडले. शेवटी मुलगा म्हणाला, ‘आता तुम्ही शेतात येऊ नका.’ खरे दुखणे ते होते.

वाचकहो, येथे एक कबुली द्यायला हवी. या गृहस्थांना मी आधी दोनदा तपासले होते. रक्तदाब पाहिला, मानेचा फोटो काढायला लावला, मणक्याची थोडी झीज दिसली (ती या वयात कोणाच्याही फोटोत दिसते) आणि चक्करच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या त्यांनी चार महिने इमानाने घेतल्या. खरे तर त्यांना गरगरत नव्हते, ऐकूही नीट येत होते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मोरीची भिंत धरावी लागे. चालताना समोरच्या एस. टी.ची पाटी हलताना दिसे, थांबले की स्वच्छ वाचता येई. यावर मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला होता!

तिसऱ्या खेपेला मात्र जुने कागद मागितले. वर्षापूर्वी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी त्यांना जेंटामायसिनची इंजेक्शने दिली होती. त्या वेळी त्या औषधाने त्यांचा जीव वाचला असेल. पण जेंटामायसिन आणि क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच जातीची औषधे. मूत्रपिंड अशक्त असेल तर ती शरीरात साठतात आणि कानाच्या आतल्या तोलाच्या पेशी मारतात. ऐकण्याच्या पेशी पुष्कळदा वाचतात, म्हणून कानाकडे कोणाचे लक्ष जात नाही. दोन्ही कान सारखेच बिघडल्याने गरगरतही नाही.

आपल्या प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोके कोठे वळले, किती कलले, याची खबर त्या मेंदूला क्षणोक्षणी देतात. त्या खबरेवर मेंदू डोळे स्थिर धरतो. ती बंद पडली की जग हलू लागते. १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्ट्रेप्टोमायसिनने तोल गेलेल्या एका डॉक्टरने स्वतःचा अनुभव लिहिला होता. पलंगावर पडून वाचताना नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरे उडत, म्हणून ते पलंगाच्या लोखंडी गजांत डोके अडकवून वाचीत. आमच्या अण्णांची एस. टी.ची पाटी हा त्यातलाच प्रकार.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग उपाय काय? मेंदूला तोलाची खबर तीन वाटांनी मिळते: कान, डोळे, आणि पायांचे तळवे व सांधे. एक वाट बुजली तर उरलेल्या दोन रुंद करता येतात. दिवसा डोळे सांभाळून घेतात. अंधारात सगळा भार पायांवर येतो, आणि पायांना ती सवय नसते.

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डॉ. पॉल बाख-इ-रीटा यांनी तर चौथी वाट काढली. डोक्यावर कल मोजणारे यंत्र आणि त्याला जोडलेली एक पट्टी जिभेवर. माणूस पुढे झुकला की जिभेच्या टोकाशी मुंग्या, मागे झुकला की मागच्या बाजूला. जेंटामायसिनने तोल गेलेल्या रुग्णांना हे लावल्यावर ते डोळे मिटून उभे राहू शकले. नवल असे, की यंत्र काढल्यावरही काही वेळ तोल टिके, आणि सरावाने हा वेळ वाढत गेला.

आपल्या तालुक्याच्या गावी हे यंत्र कोण आणणार? पण त्यामागची युक्ती फुकट आहे. १९९४ साली जेका आणि लॅकनर या संशोधकांनी दाखवून दिले, की उभ्या माणसाने एका बोटाचे टोक नुसते टेकवले, शंभर ग्रॅमचाही भार न देता, तरी त्याचे डुलणे बरेच कमी होते. एवढ्याशा स्पर्शाने शरीराला आधार मिळत नाही. मेंदूला ‘तू कलतो आहेस’ एवढी बातमी तेवढी पोचते.

अण्णांच्या गोळ्या मी हळूहळू बंद केल्या. जुनाट त्रासात त्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचे हे शिकणेच मंदावते. घरी भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची ठेवून उभे राहायचे. पाय जुळवून, एक बोट भिंतीला. आधी डोळे उघडे, मग मिटून. जमले की बोट काढायचे. मग हेच घडी घातलेल्या गोधडीवर. हात लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर रोखायची आणि डोके ‘नाही नाही’ म्हटल्यासारखे मिनिटभर हलवायचे. सारे मिळून रोज वीस-पंचवीस मिनिटे. पहिले आठ दिवस बरे वाटण्याऐवजी मळमळलेच. ‘तुमच्या गोळ्या बऱ्या होत्या’, असेही ऐकवून झाले. वहिनी मात्र रोज न चुकता जवळ उभ्या राहिल्या. सरावाच्या वेळी जवळ कोणीतरी हवेच.

फोमच्या जाड चपला सोडून पातळ तळव्याचा बूट घ्यायला लावला. काठी घ्यायला ते तयार होईनात. म्हातारपण दिसते म्हणे. तिच्यावर भार टाकू नका, तिचे टोक फक्त जमिनीला लागू द्या, ती जमिनीची खबर देते, हे सांगितल्यावर घेतली.

हे व्यायाम प्रत्येक चक्करला नाहीत. कुशीवर वळताना काही सेकंदच गरगरत असेल तर तो कानातल्या खड्यांचा विकार, त्यावर डोके विशिष्ट तऱ्हेने फिरवून उपाय करतात. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर सराव डॉक्टरांच्या समोरच सुरू करावा. आणि चक्करबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा उभेच राहता येईना, तर घरी एक मिनिटही न दवडता मोठ्या इस्पितळात न्यावे. कोणतेही इंजेक्शन सुरू असताना चालणे बिघडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

दोन महिन्यांनी अण्णा आले ते एकटे, एस. टी.ने. पाटी अजून हलतेच, म्हणाले; ते उभे राहून वाचतात. रात्रीचे पाणी मुलगा पाहतो. पण पहाटे फटफटले की बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर जातात, आणि मुलगा आता काही म्हणत नाही.