पालथा हात, उताणा हात

उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. डाव्या हातानं त्याचा कोपर आणि मनगट यांमधला भाग हलकेच धरा आणि तळहात उताणा करा. कोपर जागेवरच राहिलं, मनगट अर्धा वेढा फिरलं, मधली कातडी थोडी थोडी वळत गेली. एवढीशी हालचाल, पण संगणकातल्या पात्राला ती शिकवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

संगणकावर घडवलेलं पात्र सुरुवातीला नुसतं पोकळ कवच असतं, हजारो ठिपके जोडून विणलेली जाळी. हात पसरून ते बुजगावण्यासारखं उभं राहतं. त्याच्या आत हाडांचा सापळा बसवायचा आणि प्रत्येक ठिपक्यानं कुठल्या हाडाचं किती ऐकायचं ते ठरवून द्यायचं, याला रिगिंग म्हणतात. सांध्याजवळचा ठिपका निम्मं अलीकडच्या हाडाचं ऐकतो, निम्मं पलीकडच्या. म्हणून हात वाकला तरी कातडी फाटत नाही.

आता मनगट अर्धा वेढा फिरवा. तिथल्या ठिपक्याला एक हाड म्हणतं, 'हलू नकोस.' दुसरं म्हणतं, 'थेट पलीकडच्या बाजूला जा.' गणित दोघांचाही मान राखून मधली जागा शोधतं. ही मधली जागा येते हाताच्या ऐन गाभ्यात! भोवतालचे सगळे ठिपके तिथं गोळा होतात आणि मनगट गोळीच्या कागदाला पीळ द्यावा तसं चिमटून जातं. या दोषाचं नावच 'कँडी रॅपर'.

उपाय आपल्या हाडांतच आहे. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात. हात पालथा होताना एक दुसऱ्यावर तिरकं येतं आणि पीळ लांबीभर वाटला जातो. रिगरही तिथं जादा हाडं घालतो: कोपराजवळचं जेमतेम वळतं, मधलं निम्मं, मनगटाजवळचं जवळजवळ पूर्ण.

शेवटी हे सारं हलवायला ॲनिमेटरच्या हाती कळा द्यायच्या. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'तल्या वूडीला अशा ७०० हून अधिक कळा होत्या, त्यांतल्या २१२ एकट्या चेहऱ्याच्या. कळसूत्री बाहुली नाचवणाऱ्यालाही भोवळ येईल!

आणि आपण? देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करतो. तो उताणा कधी झाला, आपल्याला कळतही नाही.