संगीतसंग्रहासाठी ध्वनिफाइलीच्या प्रकाराची निवड

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, स्पूलच्या फिती आणि कॅसेटी यांवरील संगीत संगणकात उतरवून घेण्याचे काम आज अनेक संस्थांत आणि अनेक संग्राहकांच्या घरी चालू आहे. ही फाइल कोणत्या प्रकारची असावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक समजून बहुधा यंत्र चालविणाऱ्यावर सोपविला जातो. वस्तुतः तो संशोधनसाधनांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न आहे. फितीवरील चुंबकीय लेप कालांतराने सुटू लागतो आणि ती वाजविणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. त्यामुळे आज केलेली नक्कल हीच त्या फितीची अखेरची नक्कल ठरण्याचा संभव असतो. या निवडीमागील तत्त्व कोणते आणि त्यावरून व्यवहारात काय करणे इष्ट, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

ध्वनीचे अंकांत रूपांतर करताना ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतराने मोजतात आणि ती मापे ओळीने नोंदवून ठेवतात. एका सेकंदात किती मापे घ्यावयाची आणि प्रत्येक माप किती बिटांत लिहावयाचे, या दोन गोष्टींवर नोंदीची सूक्ष्मता अवलंबून असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मापे आणि प्रत्येक मापास १६ बिट असे प्रमाण ठरले होते. दोन वाहिन्या धरल्या तर या हिशेबाने सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. हा भार कसा हलका करावा, या विचारातून संकोचनाच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या. त्यांचे दोन वर्ग पडतात, आणि या दोहोंतील भेद ध्यानात घेणे हाच आपल्या प्रश्नाचा गाभा होय.

पहिला वर्ग हानिरहित संकोचनाचा. यात लगतच्या मापांवरून पुढील मापाचा अंदाज बांधतात आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरक तेवढा थोडक्या बिटांत लिहून ठेवतात. फाइल उलगडली की मूळ मापे एकाही अंकाचा फरक न पडता परत मिळतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्लॅक हा या वर्गातील सर्वांत रूढ प्रकार आहे. त्यात फाइलीचा आकार बहुधा मूळच्या निम्मा ते दोन-तृतीयांश होतो. मात्र खरखर फार असेल तर बचत कमी होते, कारण खरखरीचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरा वर्ग हानियुक्त संकोचनाचा. एमपी३ आणि एएसी हे प्रकार या वर्गात मोडतात. एका मोठ्या नादाच्या सान्निध्यात त्याच्या जवळपासचे क्षीण नाद मानवी कानास ऐकू येत नाहीत, या शोधावर ही पद्धत उभारलेली आहे. एमपी३ मध्ये ध्वनीचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडून, प्रत्येकातील जे घटक ऐकू येणार नाहीत असे गणिताने ठरते ते स्थूलपणे नोंदविले जातात किंवा गाळले जातात. सेकंदाला १,२८,००० बिट या दराने तासाभराचे संगीत अवघ्या ५८ मेगाबाइटांत मावते. ही किमया असामान्य आहे यात शंका नाही. परंतु जे गाळले ते कायमचे गेले. एमपी३ फाइलीचे पुढे फ्लॅकमध्ये रूपांतर केले तरी गेलेले परत येत नाही. केवळ फाइल फुगते. उलट एका हानियुक्त फाइलीवरून दुसरी हानियुक्त फाइल केली, तर प्रत्येक पिढीत नवी हानी जुन्या हानीत मिळत जाते.

येथे असा आक्षेप घेता येईल की, जे कानास ऐकूच येत नाही ते गेले तर बिघडले कोठे? श्रोत्याच्या दृष्टीने हा आक्षेप पुष्कळ अंशी रास्त आहे. उच्च दराची एमपी३ फाइल आणि मूळ ध्वनी यांतील भेद अनुभवी कानासही सहसा ओळखता येत नाही. तथापि संशोधक केवळ कानाने ऐकत नाही, तो मोजतोही. समजा, एखाद्या जुन्या मैफलीच्या फितीवरून गायकाच्या श्रुतींचे मापन करावयाचे आहे. फितीचा वेग १ टक्क्याने चुकला तर स्वर सुमारे १७ सेंट सरकतो. प्रमाणश्रुतीचे अंतर सुमारे २२ सेंट असते, हे लक्षात घेता मैफलीच्या ओघात वेग बदलत गेला असेल तर मापनाचे निष्कर्षच संशयास्पद ठरतील. वेगाची ही चूक शोधण्याचे एक साधन म्हणजे विजेच्या पुरवठ्यातून ध्वनिमुद्रणात शिरलेली ५० हर्ट्झची क्षीण गुणगुण. श्रोत्याला ती नकोशी असते, संकोचनाच्या गणिताला ती अनावश्यक वाटू शकते, आणि संशोधकाला तर तीच हवी असते. तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म स्वरांश, तबल्याच्या चाटेचा नेमका आरंभक्षण यांचीही गोष्ट तशीच. तीव्र आघाताच्या किंचित आधी त्याची पुसट छाया पसरणे हा या पद्धतीचा परिचित दोष आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कार्याशी परिचित असलेल्या वाचकांस हा मुद्दा निराळा समजावून सांगावयास नको. नक्कल करणाऱ्याने आपल्या मते निरर्थक असलेली अक्षरे गाळली, तर पुढच्या संपादकाच्या हातून पाठनिर्णयाचे साधनच निसटते. कोणते अक्षर पुढे उपयोगी पडेल हे नक्कल करणाऱ्याने ठरवावयाचे नसते.

तात्पर्य, संग्रहाच्या दोन प्रती मानाव्यात: एक जतनाची आणि दुसरी श्रवणाची. जतनाच्या प्रतीसाठी ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत सेकंदाला किमान ४८,००० मापे आणि प्रत्येक मापास २४ बिट अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात ९६,००० मापांची प्रथा रूढ आहे. या प्रमाणाने एका वाहिनीच्या तासाभराच्या ध्वनीस सुमारे १.०४ गिगाबाइट लागतात. पाचशे तासांचा संग्रह ५१८ गिगाबाइटांत मावेल, आणि एवढी जागा आज एका लहानशा डिस्कवर सहज मिळते. ज्या काळी जागा महाग होती त्या काळी एमपी३ चा आश्रय घेणे क्षम्य होते. आज ते कारण उरलेले नाही.

जतनाची प्रत वेव्ह प्रकारात ठेवावी की फ्लॅकमध्ये, हा त्यानंतरचा प्रश्न. त्या मार्गदर्शिकेचा कौल वेव्हच्या नोंदयुक्त प्रकाराकडे आहे; तो सरळ असून त्यात कसलेही संकोचन नसते. परंतु साध्या वेव्ह फाइलीचा आकार सुमारे ४ गिगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे वरील प्रमाणाने दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण दोन तासांच्या थोडे पुढे गेले की फाइल तोडावी लागते. रात्रभराच्या मैफलीस ही अडचण मोठी आहे. फ्लॅकमध्ये ही मर्यादा नाही. शिवाय मूळ ध्वनीची गणिती खूण फाइलीतच नोंदलेली असते, म्हणून दहा वर्षांनंतरही फाइल अभंग आहे की नाही हे पडताळून पाहता येते. या प्रकाराची रचना खुली असून २०२४ मध्ये तिला इंटरनेटच्या प्रमाणग्रंथांत स्थान मिळाले. साधने मर्यादित असलेल्या विभागास फ्लॅक अधिक सोयीचा पडेल असे आमचे मत आहे. खरखर काढणे, आवाज उजळणे इत्यादी संस्कार मात्र जतनाच्या प्रतीवर कदापि करू नयेत. ते श्रवणाच्या प्रतीवर करावेत.

श्रवणाची प्रत एमपी३ किंवा एएसी यांपैकी कोणत्याही प्रकारात असली तरी चालेल. ती वर्गात ऐकवावी, विद्यार्थ्यांना द्यावी. हरवली तर जतनाच्या प्रतीवरून पुन्हा करता येते. याच्या उलट दिशेने जाणारा मार्ग मात्र नाही. म्हणून फीत यंत्रावर चढविण्यापूर्वीच हा निर्णय झालेला असावा. फीत पुन्हा वाजेल, असे गृहीत धरण्याचा अधिकार आपणांस नाही.